मगरीचे खवले



वयाच्या ७४व्या वर्षी मी क्रोशाची सुई हातात धरली. हसू नका. शौक म्हणून नाही, वेळच तशी आली म्हणून.

आमच्या सौ.ला दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मॅक्युलर डीजनरेशन. यात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. दारात कुणी आलंय हे तिला कळतं, चेहरा कळत नाही. ताट दिसतं, पण वाटीकडे नीट बघायला गेली की नेमकी वाटीच गायब. स्वयंपाक ती अंदाजाने अजून करते आणि मीठही बरोबर पडतं. पण विणकामाची पिशवी तिने एके दिवशी कपाटात टाकली आणि दार लावून घेतलं. मी काही बोललो नाही. खरं तर माझ्या ते आठवडाभर लक्षातही आलं नाही.

मग वडोदऱ्याहून नातीचा फोन आला. सातवीत आहे. मोबाइलवर तिने एक पर्स पाहिली होती, सगळी खवल्याखवल्यांची. "आजी, क्रोकोडाइल स्टिच म्हणतात याला. मला करून दे ना." वडोदऱ्याची मुलगी, विश्वामित्री नदीतल्या मगरी बघत वाढलेली, तिला दुसरं काय आवडणार! माझीही तीन वर्षं तिथे बदली होती. पावसाळ्यात नदी चढली की मगर रस्त्यावर आल्याची बातमी हमखास असायची.

ही म्हणाली, "हा टाका मला येत नाही गं."

नातीने लगेच व्हिडिओ पाठवला. हिने फोन नाकापाशी धरला, तिरका करून पाहिला, मान वळवून कडेच्या नजरेने पाहिला. मग माझ्या हातात देत म्हणाली, "नुसता जांभळा रंग हलतोय. तुम्ही बघा आणि सांगा मला."

बघून सांगायचं. यात काय अवघड? ३५ वर्षं बँकेत काढली, ऑडिटरला उत्तरं दिली. मी चष्मा लावून बसलो.

व्हिडिओत एक अमेरिकन बाई. तिचे फक्त हात दिसतात. मी सांगू लागलो, "ती आता सुई आत घालतेय... दोरा ओढला... परत घातली..." ही विचारते, "कुठे घातली? टाक्यात की खांबावर? पुढून की मागून?" मला टाका कुठला आणि खांब कुठला हेच माहीत नाही! वेग अर्धा करून पाहिला, तर बाईचा आवाज पेंगुळल्यासारखा येऊ लागला आणि हात तेवढेच अगम्य राहिले. दुसरा व्हिडिओ स्पॅनिश होता. तिसरी हिंदीतली ताई पहिली चार मिनिटं चॅनलला सबस्क्राइब करा एवढंच सांगत होती. एक अख्खी दुपार मी डावखुऱ्या बाईचा व्हिडिओ बघून सगळं उलटं सांगत बसलो, ते वेगळंच.

शेवटी ही वैतागली. "अहो, ज्याला साखळी घालता येत नाही तो खवले काय सांगणार? आधी तुम्ही शिका."

तिने कपाट उघडलं. तिची रोजची सुई स्टीलची, अगदी बारीक, अँकरच्या दोऱ्यासाठीची. ती मला दिली नाही. जाड लोकर आणि चार मिलिमीटरची सुई दिली. म्हणाली, "दोऱ्यावर पहिल्या दिवशी कुणी शिकत नाही." मग साखळी, मुका खांब, खांब. मुका खांब बुटका असतो. सुई आत घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवरचे दोन टाके एकदम सोडवायचे. खांबाला आत घालण्याआधीच सुईवर दोरा घ्यायचा. मग ओढून आणल्यावर तीन टाके होतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. म्हणून तो उंच उभा राहतो. एवढं डोक्यात बसायला मला आठ दिवस लागले. माझ्या साखळ्या इतक्या घट्ट की सुई शिरेना. तिने माझा डावा हात चाचपला आणि हसली. "सगळे उजव्या हाताकडे बघतात. दोरा डाव्या हातातून सुटतो. करंगळीवरून घ्या, हळूहळू सोडा. रोकड मोजताय का घट्ट धरून?"

आणि खरंच, त्यानंतर मी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. एकाही बाईने डाव्या हाताबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पुन्हा खवल्यांकडे आलो. आता मला थोडी भाषा आली होती. बाई सांगत होती, 'डबल क्रोशे' पाच. मी ऐटीत सांगितलं, "डबल क्रोशे पाच." ही नुसत्या बोटांनी विणू लागली. खवला काही होईना. गोळा व्हायचा, बुटका, अंग चोरून बसलेला. तीन दिवस हेच. ती म्हणे तुम्ही चुकीचं सांगताय, मी म्हणे मी अक्षरशः तेच सांगतोय. तिसऱ्या दिवशी जरा जोरातच बोललो. ती उठून आत गेली.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की आम्ही एक करायचो. एकमेकांवर ओरडून झालं की मूळ व्हाउचरपासून पुन्हा सुरुवात. चहा घेऊन मी आत गेलो. ती म्हणाली, "नाव सांगू नका. हात काय करतो ते सांगा. सुई घालायच्या आधी दोरा घेते का?"

"घेते."

"मग तो मुका खांब कसा? तो तर खांब झाला!"

फरक सापडला. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तोच टाका ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आणि अमेरिकेतला डबल तो ब्रिटनमधला ट्रेबल. हिने लहानपणी नंदुरबारला शेजारच्या बाईंकडे शिकलेलं, त्यांच्याकडची पुस्तकं जुनी, इंग्रजांच्या पद्धतीची. त्यामुळे मी डबल म्हटलं की तिचे हात मुका खांब घालत होते. दोघंही बरोबर, आणि तेरीज जुळत नाही! कागदावरच्या आकृतीत ही भानगड नसते, तिथे खांबाची खूण म्हणजे इंग्रजी टी आणि त्यावर एक तिरकी रेघ, दोन्ही देशांत सारखीच. पण आकृती हिला दिसत नाही.

आता तो टाका सांगतो, कुणाला करायचा असेल तर. आधी जाळीची ओळ घालायची. खांबांची एक जोडी, मग साखळ्या सोडून एक सुटा खांब, मग परत जोडी. खवला जोडीवर चढतो. काम आडवं फिरवायचं आणि जोडीतल्या पहिल्या खांबाच्या अंगाभोवती, वरून खाली उतरत, पाच खांब घालायचे. तळाला एक साखळी. मग काम उलटं फिरवून दुसऱ्या खांबाच्या अंगाभोवती खालून वर पाच. म्हणजे एरवी आपण टाक्याच्या डोक्यात विणतो, इथे त्याच्या कंबरेभोवती विणायचं. पुढे परत जाळीची ओळ, आणि नंतरचे खवले आधीच्या दोन खवल्यांच्या मधे, कौलांसारखे. दोरा भरपूर खातं.

हे मी तिला तिच्या भाषेत सांगितलं आणि दहा मिनिटांत पहिला खवला तिच्या हातात होता. तिने तो अंगठ्याने उचलून पाहिला, कौल उचलावं तसा. म्हणाली, "मगर कसली, हा तर तापीतल्या माशाचा." दीड वर्षानंतर तिच्या हातात सुई होती. मी चहाचे कप उचलून आत गेलो, उगाच.

तापीवरून आठवलं, ते लिहितोच. आम्ही आता कोसाडला राहतो. मुंबईकडून येताना सुरत स्टेशन सोडलं की तापीचा पूल, मग उत्राण, मग कोसाड. तिसरा मजला मुद्दाम घेतला. आधी अडाजणला तळमजल्यावर होतो. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने निम्म्याहून जास्त शहर बुडवलं, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे होतो. पाणी ओसरल्यावर घरात घोट्याच्या वर गाळ. पलंगाखाली हिची पत्र्याची पेटी होती. त्यात तिच्या रुखवताचं तोरण, चौरंगाची झालर, मुलांची टोपडी आणि मुख्य म्हणजे नमुन्यांचं कापड. एका जुन्या चादरीवर तिने शिकलेल्या प्रत्येक टाक्याचा छोटा तुकडा शिवून ठेवला होता. गाळ दोऱ्यात भिनला तो भिनलाच. दोनदा उकळून पाहिलं, शेवटी फेकून दिलं.

माझ्या हिशोबाच्या वह्या वाचल्या. १९७७पासूनच्या सगळ्या. त्या माळ्यावर होत्या. पाणी चढायला लागलं तेव्हा माळ्यावर काय टाकायचं हे मीच ठरवलं होतं. पासबुकं, एलआयसी, वह्या. पेटी जड आहे, राहू दे, म्हणालो.

या खवल्यांच्या निमित्ताने मी त्या वह्या काढून बसलो. दोऱ्यावर तिने आयुष्यात किती खर्च केला असेल, असा बँकेतला किडा. सापडेना. दूध, किराणा, भाडं, मुलांची फी, सगळ्याला स्वतंत्र रकाना. माझ्या पान-सुपारीलाही. दोरा कुठेच नाही. तो मी 'किरकोळ'मध्ये टाकत आलो होतो, धोबी आणि काडेपेटीबरोबर. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, ठाऊक होतं मला." बस, एवढंच.

सुरतेत कापडाला तोटा नाही. आमच्या आसपास घराघरात बायका साड्यांना लेसपट्टी लावतात, टिकल्या चिकटवतात. रिंग रोडच्या बाजारात 'क्रोशे लेस' मीटरवर मिळते. मी एकदा आणली होती. हिने बोटं फिरवली आणि परत दिली, "मशीनची." ती लेस ताण्याचे धागे एकमेकांत गुंतवून यंत्रावर होते, दिसते तेवढी क्रोशासारखी. हातात सुई धरून एकेक टाका बंद करत जाणारा खरा क्रोशा कारखान्यात होत नाही. पॉवरलूमवाल्या शेजाऱ्याला हे पटेना. तो म्हणे, असं कुठलं कापड आहे जे सुरतेत मशीनवर होत नाही? मी त्याला हिच्यासमोर आणून बसवलं. पाच मिनिटं बघून तो म्हणाला, "काकी, तमे तो जोतां पण नथी!" तुम्ही तर बघतसुद्धा नाही!

पर्स अर्धी झालीय. कामाची वाटणी अशी: जाळीची ओळ मी घालतो, कारण तिथे मोजणं आहे आणि मोजणं मला जमतं. खवले ती घालते. रंग मी सांगतो. एका ओळीत आठ खवले, प्रत्येकात दहा खांब आणि तळाची साखळी. दिवाळीच्या सुट्टीत नात येईल तोवर व्हायला हवी.

परवा मी हट्टाने एक पूर्ण ओळ एकट्याने विणली, खवल्यांसकट. दोन तास लागले. तिच्या हातात दिली. तिने खिडकीकडे तोंड करून एका टोकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सहाव्यावर बोट थांबलं.

"उतरताना चारच आहेत."

मी चष्मा लावून मोजले. चार.

"एक तर आहे. कुणाला दिसतोय?" मी म्हणालो.

तिने सुई काढून घेतली होती, दोरा ओढायलाही लागली होती. सहावा गेला, सातवा-आठवा तर आधीच गेले होते. लोकरीचा गुंडा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "गुंडाळा. आणि करंगळीवरून घ्या."