मनीच्या पाठीवरील गाठ

मांजर आपले दुखणे सांगत नाही. गाय वैरण सोडते, कुत्रा कण्हतो. मांजर कपाटामागे जाऊन बसते आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारी झाली.’ आमच्या धुळ्याच्या घरातील 14 वर्षांच्या मनीची गाठदेखील अंगावरून हात फिरविताना लागली. दोन खांद्यांच्या मधोमध, टणक, न दुखणारी, आतल्या मांसाला घट्ट धरून बसलेली.

खानदेशात ‘गुरांचा दवाखाना’ या नावातच सारे आले. जळगाव-धुळ्याचे पशुवैद्य अडलेली म्हैस रात्री-अपरात्री सोडवितात. म्हाताऱ्या मांजरीची गाठ त्यांच्यापुढे क्वचितच येते. तरी आमच्या डॉक्टरांनी गाठ मोजली आणि विचारले, “लस कोठे टोचली होती?” 1991 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी लस टोचलेल्या जागी उद्भवणाऱ्या सार्कोमाकडे, म्हणजे मृदू ऊतींच्या कर्करोगाकडे, लक्ष वेधले होते. टोचल्यावर 3 महिन्यांनीही टिकलेली, 2 सेंटीमीटरहून मोठी किंवा 1 महिन्यानंतरही वाढणारी गाठ तपासावीच, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. (म्हणून लस टाळू नये; असा रोग विरळा, रेबीज मात्र प्राणघातक.)

सुईने पेशी काढून पाहता येतात. पण सार्कोमाच्या पेशी सहजी सुटत नाहीत. सुईत काही आले नाही म्हणून रोग नाही, असे ठरत नाही. गाठीचा लहानसा तुकडा काढून फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो. घाईने सबंध गाठ कापणे त्याहून वाईट, कारण तिचे तंतू भोवती पसरलेले असतात व ती पुन्हा उगवते. शिवाय फुप्फुसांसाठी छातीचा एक्स-रे.

एवढा खर्च मांजरीवर? थोरल्या बहिणीने 1992 सालचा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ पुढे केला. प्राण्यांना विनाकारण क्लेश देऊ नयेत, असे त्यात आहे. मानवी दुःखनिवारणास आधी लागणारा पैसा त्यांच्यावर खर्चू नये, हेही लगेच पुढच्या वाक्यात आहे. फादरांना विचारले. ते म्हणाले, “दुखणे कोणते ते तरी कळू द्या, मग किती खर्चायचे ते ठरवा.”

अहवाल आला : फायब्रोसार्कोमा. छाती स्वच्छ होती, पण मूत्रपिंडे थकलेली. भोवतालचे 3 ते 5 सेंटीमीटर निरोगी मांस काढणारी शस्त्रक्रिया आम्ही करविली नाही. डॉक्टरांनी वजनानुसार वेदनाशामक लिहून दिले आणि बजावले, घरातली पॅरासिटामोल देऊ नका, मांजराला ती विष आहे. मनी हल्ली आल्ताराखालच्या गोणपाटावर निजते. औषध घेताना अजून चावते.