एका बादलीचा हिशोब

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये गरम पाणी म्हणजे एक लाल दिवा. स्विच ऑन करायचा, दात घासून चार मेल बघेपर्यंत पाणी रेडी! कळंबला आमच्या घरी मात्र गरम पाणी म्हणजे आई. पहाटे पाचला परसात बंबाचं झाकण वाजतं, मग फुंकणीचा आवाज येतो, मग तिचा खोकला. लहानपणापासून हाच आमचा अलार्म.

मागच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा खोकला जरा जास्तच ऐकू आला. म्हटलं, बास! आता बंब रिटायर. पण दादांना, म्हणजे वडिलांना, पटवायचं तर आकडे हवेत. आमचं काय, पोटच एक्सेलवर! लॅपटॉप उघडला.

फंडा सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायची, म्हणजे ५०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये असतात ८६०. म्हणजे बादलीला ०.५८ युनिट. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरली तर ०.६५. आमच्या बिलात सगळे आकार मिळून युनिट साधारण १० रुपयांना पडतं, तेव्हा बादली झाली साडेसहा रुपयांना. बादलीत रॉड सोडला तर सहाच्या आसपास. पण रॉड चालू असतानाच पाण्यात बोट घालून 'तापलं का' बघायची आमच्या घरची सवय लक्षात घेता तो बाद.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दीड लाखाहून थोड्या जास्त किलोकॅलरी असतात. गॅस गिझरने त्यातल्या ८० टक्के पाण्यात उतरवल्या तर एका सिलिंडरमध्ये अडीचशे बादल्या. सिलिंडरचे ९०० रुपये धरा, बादली पडते साडेतीन-पावणेचार रुपयांना. सॉलिड! मी खूश. मग आमच्या न्हाणीकडे नजर गेली. तिथे खिडकी म्हणजे एक वीट काढून ठेवलेली फट. बंद जागेत गॅस गिझर लावला तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आंघोळ करता करता जातो. गॅसही बाद.

उरलं सोलर. दुकानदाराने १०० लिटरचे २५ हजार सांगितले. वर बोअरचं पाणी जड, नळ्यांत क्षार बसणार, अधूनमधून साफ करून घ्यावे लागणार. घरात चार माणसं, दिवसाला चार बादल्या. वर्षातले आठ महिने ऊन धरलं तर गिझरच्या मानाने चार वर्षांत पैसे वसूल.

दादांनी सगळं शांतपणे ऐकलं. "आन् बंबाचं काय लिहिलंस?"

"शून्य."

"मग झालं की! तुराट्या शेतातल्या, गवऱ्या घरच्या."

खरंच, तुलना फुकटाशी असेल तर सोलरचे पैसे सात जन्मांत वसूल होत नाहीत. आमच्याकडे स्वयंपाक केव्हाच गॅसवर गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि खेडोपाडी सिलिंडर पोचले. पण आंघोळीच्या पाण्यावर गॅस कोण जाळणार? चूल घराबाहेर गेली, बंब राहिला, कारण तो 'फुकट'.

दुसऱ्या दिवशी पाचला उठलो आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. तुराट्या मोडणं, राख काढणं, पाणी भरणं, पेटवणं, विझला की परत फुंकणं, शेवटी प्रत्येकाच्या बादलीत विसण घालून देणं. चाळीस मिनिटं.

"काय करतूस रे लेकरा मोबाईल घिऊन?" आईने धुरातून विचारलं. डोळे लाल.

आमच्याकडे शेतात बाईचा आठ तासांचा रोज ३०० रुपये. चाळीस मिनिटं म्हणजे त्याचा बारावा भाग, २५ रुपये. भागिले चार बादल्या. सव्वासहा रुपये! गिझरच्या साडेसहापेक्षा फक्त चार आणे कमी. आणि यात खोकला धरलेलाच नाही.

दादांना शीट दाखवली. बराच वेळ बघत राहिले. आई मात्र हसली, "मग आजवरचे माझे पैसे कुणाकडं मागू?" या प्रश्नावर दोघेही गप्प.

जानेवारीत सोलर बसला. ढगाळ दिवसांसाठी आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी बंब ठेवलाय. त्याला झेंडूची माळ घालायचा हट्ट आईचाच.

परवा सकाळी सहाला सहज घरी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. काळजाचा ठोका चुकला. साडेसातला तिचाच फोन आला, आवाज जरासा ओशाळलेला.

"अरे, झोप लागली होती मला."