पाण्याचं बिऱ्हाड

सामान हलवणारी माणसं लोखंडी कपाट चार मजले खाली उतरवतात, वॉशिंग मशीनला गोधडी गुंडाळतात, देवघर वेगळ्या खोक्यात घालून वर मोठ्या अक्षरांत 'देव' लिहितात. फिशटँकपाशी आली की मात्र हात झटकतात. रिकामी काच नेऊ, मासे तुमचे तुम्ही बघा. त्यांचंही चुकत नाही. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशा साध्या टाकीत सुमारे 55 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 55 किलोच्या घरात. ते हिंदकळत जिना उतरलं, तर सिलिकॉनने जोडलेल्या काचांचे सांधे वाटेतच सुटायचे. म्हणून टाकी रिकामी करावी लागते, आणि माशांचं खरं दुखणं तिथून सुरू होतं.

मुंबई-ठाण्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून असे विस्थापित मासे बरेच झाले आहेत. एकदा भाड्याच्या घरात, मग काही वर्षांनी टॉवरमधल्या नव्या घरात. मांडामांड होते, टाकीतला दिवा लागतो, शेजारपाजारचे येऊन कौतुक करून जातात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा गोल्डफिश पोट वर करून तरंगताना दिसतो. घरातली वडीलधारी बाई म्हणते, "घरावरचं अरिष्ट होतं, त्याने स्वतःवर घेतलं." समजूत मोठी प्रेमळ आहे, माशाला मरणोत्तर मोठेपण देणारी. फक्त ते अरिष्ट बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात घरच्याच लोकांनी नळाखाली तयार केलेलं असतं.

मासा कल्ल्यांतून अखंड अमोनिया सोडत असतो. नदीत तो वाहून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? त्याची विल्हेवाट जीवाणू लावतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंचसं निरुपद्रवी. हे काम करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. पुढची शंभर वर्षं पुस्तकांत नायट्राइटच्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला मिळत राहिलं. 1998 साली टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा नावाचे भलतेच कामकरी राबत असल्याचं आढळलं. 2015 मध्ये तर यांतले काही दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात हेही कळलं, आणि त्या शोधातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आला होता.

ही मंडळी पाण्यात फारशी राहत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात त्यांची वस्ती असते. वाढतातही सावकाश. पोटातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतो. कोऱ्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात. आणि आपल्याकडे घर बदलायचं म्हणजे आधी सगळं लख्ख करायचं! तपकिरी, चिकट, मातकट वासाचा स्पंज नळाच्या धारेखाली पिळला जातो, खडी तांदळासारखी चार पाण्यांतून काढली जाते, काच घासून चकचकीत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले जीवाणू मारतं. नव्या घरात टाकी दिसते अशी, की फोटो काढावा. आत मात्र माशांची घाण साफ करणारं कुणी उरलेलं नसतं.

तो कळकट स्पंज हेच टाकीचं विरजण. एका डब्यात जुन्या टाकीचंच पाणी घेऊन त्यात तो बुडवून न्यायचा, झाकण घट्ट न लावता, कारण या जीवाणूंना प्राणवायू लागतो. नव्या जागी पलंग जोडण्याआधी फिल्टर चालू करायचा. पंख्याखाली बसून चहा नंतर.

माशांच्या प्रवासाचं शास्त्र ज्यांना पोटासाठी शिकावं लागलं, त्यांच्याकडून हे सगळं शिकण्यासारखं आहे. चेन्नईच्या कोळत्तूर भागात घराघरांत सिमेंटच्या टाक्यांमध्ये शोभेचे मासे वाढवले जातात आणि तिथून देशभर जातात. असे मासे निघण्याआधी उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी कमी घाण होतं. पिशवीत पाणी थोडं आणि प्राणवायू जास्त, वर थर्मोकोलचं खोकं, आत अंधार. पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पाण्याचा सामू उतरतो, आणि त्यामुळे अमोनिया बराचसा अमोनियमच्या सौम्य रूपात राहतो. सामू 7 असताना 25 अंश तापमानाला जेमतेम अर्धा टक्का अमोनिया विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून ठेवून "जरा हवा लागू दे" म्हणणं वाटतं तितकं दयाळू नसतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि इतका वेळ निजलेलं विष जागं होतं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की मासा जाळीने उचलून आत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. त्याच शहरात तासाभराचा प्रवास असेल, तर झाकणाची स्वच्छ बादली आणि जुन्या टाकीचं पाणी एवढंही पुरतं.

पाण्याचा मामला वेगळाच. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा यांचं तलावाचं पाणी येतं. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत तेच बिऱ्हाड गेलं, की टँकरचं किंवा बोअरचं, क्षारांनी जड झालेलं पाणी वाट्याला येऊ शकतं. माणसाला फरक जाणवतो तो साबणाला फेस येईना तेव्हा. माशाला पहिल्या मिनिटाला जाणवतो, कारण त्याच्या अंगात आणि पाण्यात फक्त एक पातळ त्वचा आणि कल्ल्यांचे नाजूक पडदे असतात. म्हणून जुन्या टाकीचं निदान निम्मं पाणी कॅनमधून नेणारे शहाणे. नवं पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवण्याचं औषध मिळतं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतला 'हायपो'.

पहिल्या दिवशी माशांचा रंग उतरलेला दिसतो. पर अंगाला चिकटवून ते कोपऱ्यात दडून बसतात. मॉली जागच्या जागी थरथरत राहते, जणू पोहण्याचा विचार आहे पण पुढे जाणं होत नाही. हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचं जे शरीरशास्त्र मांडलं, त्यातला मोठा भाग माशांनाही लागू पडतो. त्यांच्याकडे आपल्यासारखी अधिवृक्क ग्रंथी सुटी नसते. मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशी कॉर्टिसॉल सोडतात. तो फार काळ चढलेला राहिला तर रोगप्रतिकारशक्ती मंदावते. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाची एक जन्माची कसरत असते: बाहेरचं पाणी सारखं अंगात शिरत असतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत असतात. ताणात ही गळती वाढते. लिटरला एक ते तीन ग्रॅम साधं खडेमीठ विरघळवून हळूहळू घातलं, तर या कसरतीतला भार थोडा हलका होतो. नायट्राइट वाढलेलं असेल तर मिठाचा आणखी एक उपयोग: त्यातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं. नाहीतर नायट्राइट रक्तात शिरून ते तपकिरी करतं आणि भरपूर हवा सोडलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. सगळ्यांना मीठ मानवतं असं नाही. मॉली खुशीत असते. तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरसच्या बाबतीत हात आखडता घ्यावा.

बाकी पहिल्या दिवसाची शुश्रूषा म्हणजे बरंचसं काही न करणं. दिवा बंद, काचेला वर्तमानपत्र, हवेचा पंप चालू, खाणं नाही. हे शेवटचं घरच्यांना सगळ्यात जड जातं. पाहुणा घरी आला आणि त्याला उपाशी ठेवायचं? पण धडधाकट मोठा मासा काही दिवस सहज उपाशी राहू शकतो, आणि न खाल्लेला प्रत्येक दाणा तळाशी कुजून अमोनियाच होतो. प्राणवायूचं मात्र तसं नाही. बर्लिनच्या एका हॉटेलातली अक्वाडोम नावाची प्रचंड टाकी 16 डिसेंबर 2022च्या पहाटे फुटली, दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे हॉटेलच्या लॉबीत आणि रस्त्यावर आले. मोठ्या टाकीतले जवळपास सगळे मासे गेले. खालच्या मजल्यावरच्या छोट्या टाक्या शाबूत होत्या. पण वीज गेलेली, पंप बंद. त्यातल्या शेकडो माशांना वेळेत दुसरीकडे हलवण्याची धावपळ करावी लागली ती त्यामुळेच. घर बदलताना सेलवर चालणारा छोटा पंप जवळ असावा, तो याचसाठी.

वरती येऊन तोंड उघडझाप करणारा प्रत्येक मासा मरणपंथाला लागलेला असतो असंही नाही. गोरामी आणि फायटर यांना हवेतून श्वास घेण्याचं खास इंद्रिय असतं. ते वर येणारच. सगळी टाकीच वर आली, कल्ले लाल दिसू लागले, तर अमोनिया तपासायची वेळ झाली. पंचवीस-तीस टक्के पाणी बदलायचं, हवं तर दुसऱ्या दिवशी परत. बहुतेक घरांत यापलीकडे औषधाची गरजच पडत नाही, आणि नेमका इथेच कुणीतरी निळ्या बाटलीचं बूच उघडतो.

ती बाटली मिथिलीन ब्लूची. हाइनरिश कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1876 साली ती कापड रंगवण्यासाठी बनवली, 1891 मध्ये पॉल एर्लिख यांनी ती मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिली, आणि आज ती गल्लीतल्या ॲक्वेरियमच्या दुकानात मिळते. गंमत अशी, की ज्या 'पांढऱ्या ठिपक्यां'वर ती सर्रास वापरली जाते, त्या रोगाच्या परजीवीचं, इक्थियोफ्थिरियसचं, शास्त्रीय वर्णनही फुके या फ्रेंच अभ्यासकाने 1876 सालीच केलं. रोग आणि रंग एकाच साली कागदावर आले.

हे ठिपके घर बदलल्यावर नेमाने उगवतात. रव्याचे कण अंगावर पडावेत तसे दिसतात, आणि मासा दगडावर अंग घासू लागतो. प्रत्येक ठिपक्यात एकपेशीय जीव कातडीखाली चरत असतो आणि तिथे त्याला कुठलंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाला जातो, कोष करतो आणि आत शेकडो पिल्लांमध्ये विभागतो. ती पिल्लं पोहत बाहेर पडतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारे फसतात: रोगी बरा दिसतो तेव्हा तळाशी पुढची पिढी तयार होत असते. पाणी हळूहळू 28 ते 30 अंशांपर्यंत नेलं तर हे चक्र काही दिवसांत फिरतं, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा पंप वाढवायचा. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढायचा, नाहीतर औषध माशांआधी तोच पिऊन टाकतो. निळं औषध फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मारतं, म्हणून त्याची जागा वेगळ्या साध्या टबात. मॅलकाइट ग्रीन जास्त जालीम, पण टाकी साफ करणारा सकर आणि इतर बिनखवल्यांचे मासे त्याला नाजूक. त्यांच्यासाठी मात्रा निम्मी करतात.

आणि हीच ऊब दुसऱ्या एका रोगात घात करते. ओठांभोवती, पाठीवर कापसासारखा पांढुरका थर दिसला की लोक त्याला बुरशी म्हणतात. कधी ती असतेही. पण बऱ्याचदा तो फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर नावाचा जीवाणू असतो, आणि तो उबदार पाण्यात झपाट्याने फोफावतो. ठिपके समजून हीटर चढवला तर एका रात्रीत मासे जातात. निदान न करता औषधांच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅपसूल आणून टाकीत फोडणारेही आहेत. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं, त्यामुळे माशाला पोचतं थोडं. बाकीचं पाणी बदलताना गटारात जातं, तिथल्या जीवाणूंना प्रतिजैविकांची सवय लावायला.

सगळ्यात कठीण आठवडा मात्र शेवटी येतो. फेंगशुईच्या आवडत्या हिशेबात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश हवे असतात. 55 लिटरच्या टाकीत ही गर्दीच, कारण गोल्डफिश खातो आणि सोडतो दोन्ही भरपूर. त्यातला एक गेला की आकडा चुकतो, आणि रविवारी कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून नवा येतो. जुन्यांचा स्पंज अजून पुरता रुळलेला नसतो, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले नसतात, आणि नवा पाहुणा दुकानातल्या गर्दीतून स्वतःचे ठिपके घेऊन आलेला असतो. त्याने तीन आठवडे वेगळ्या टबात, एका छोट्या स्पंज फिल्टरच्या सोबतीने काढावेत, खावं-प्यावं, अंगावर काही उगवतं का ते दाखवावं. तोवर टाकीत आठ आणि टबात एक. बेरीज नऊच होते. टब हिशेबात धरायचा की नाही, ते ज्याच्या त्याच्या फेंगशुईवर.