गाडीला पाटे किती घालावेत?

आपल्या वस्त्यांमधून आता बऱ्याच घरांपुढे स्वतःची गाडी उभी दिसते. कोणी कर्ज काढून पिकअप घेतली आहे, कोणी जुनी जीप, कोणी छोटा टेम्पो. दुसऱ्याच्या गाडीवर हमाली आणि चालकी करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या मुलांनी मालक व्हावे ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाडी दारात आली की पहिला सल्ला ठरलेला असतो : "आधी मागचे पाटे वाढवून घ्या, म्हणजे माल जास्त बसतो." तो सल्ला मानण्याआधी वाचकांनी आमचे दोन शब्द वाचावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही रेणापूरचे. घरात आई, बाबा, आम्ही तिघे भाऊ आणि दोघी सुना. थोरला गाडी चालवतो, मधला माल भरतो-उतरवतो, धाकटा भाडे जमवतो, आणि हिशेबाची वही सुनांकडे. गाडी एकच, तीही दुसऱ्याच्या हातची पिकअप. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर ती थोडाच वेळ असते. तिचे खरे काम खरोळा, पानगाव भागातल्या शेतरस्त्यांवर. उन्हाळ्यात वाळलेल्या चाकोऱ्या आणि दगडासारखी ढेकळे, पावसाळ्यात चाकाला थापून बसणारी काळी माती. सोयाबीनचे कट्टे, खत, उसाचे बेणे, कडबा, आणि पाऊस रुसला की पाण्याची टाकी. अशा गाडीचा खरा भार कमानपाट्यांवर असतो.

2016 चा उन्हाळा लातूर जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत आमची स्वतःची गाडी नव्हती. थोरला एका मालकाच्या पिकअपवर चालक होता आणि वाड्यावस्त्यांवर पाणी टाकत होता. मालकाने मागे दोन्ही बाजूंनी जाड पाटे वाढवून घेतले होते. टाकी भरलेली असली की गाडी कशी डौलात चाले. पण पाणी उतरवून रिकामी गाडी परत निघाली की प्रत्येक चाकोरीत मागचा भाग उसळून आदळे. दिवसाला सहा खेपा भरून, म्हणजे सहा खेपा रिकाम्याही. रात्री आई त्याची कंबर विटेने शेकत असे. दीड-दोन महिन्यांनी गाडी मोडली तेव्हा पाटा तुटला नव्हता. पाट्याचे ब्रॅकेट चॅसिसला जेथे बसते, तेथे तडा गेला होता.

यातली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पाटा दणका खातो म्हणजे दबतो, आणि दबता दबता तो दणका सावकाश करतो. पाटा दबेनासा झाला की दणका नाहीसा होत नाही, तो पुढे जातो. आधी चॅसिसला, मग टायरला, हबला, आणि शेवटी चालकाच्या मणक्याला.

पुढे आम्ही आमची गाडी घेतली तेव्हा तिचे मागचे पाटे बसलेले होते. कमान जवळजवळ सपाट झाली होती. नवे पाटे घालणे भागच होते. घरात बैठक बसली. बाबांचे म्हणणे साधे होते : "घाला चांगले दोन-दोन पाटे जास्तीचे. रिकाम्या गाडीनं हप्ता फिटत नसतो." हप्त्याची काळजी आम्हां सर्वांनाच होती. एका खेपेत दहा कट्टे जास्त बसले तर महिन्याचा डिझेलचा खर्च निघतो, हा हिशेब वहीत मांडलेलाच होता. त्यावर आई बोलली. तरुणपणी ती ऊसतोडीला जाई तेव्हा टायरगाडीत बसून फडावर जावे लागे. त्या गाडीला पाटे नसतातच. लाकडी साटा थेट लोखंडी आसावर असतो. आई म्हणाली, "तुम्ही मालाचं बघायलाव. गाडीत बसणाऱ्याच्या कमरेचं कोण बघणार? ती कुणाच्या हिशोबात धरायची?" बाबा गप्प झाले. मग ठरले की आधी मोजायचे आणि मगच पाटे घालायचे.

मोजणी अशी केली. गाडी भरून वजनकाट्यावर नेली. एकदा पूर्ण गाडीचे वजन केले आणि एकदा फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. भार बहुतेक मागेच पडतो, म्हणून दुसरा आकडा महत्त्वाचा. पाण्याला तर काट्याचीही गरज नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. त्यावर पंप, पाइप आणि दोन माणसे धरा. आमच्या गाडीच्या कागदावर भार सव्वा टन लिहिलेला आहे. म्हणजे हजाराची टाकी चालेल, दीड हजाराची चालणार नाही. पाटे कितीही घातले तरी कागदावरचा आकडा वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार असे ठरवले आहे. ब्रेक, टायर आणि एक्सल तर त्याच सव्वा टनासाठी बनवलेले असतात.

पुढची पायरी पाट्यांची दब पाहण्याची. भार दुप्पट केला तर दबही दुप्पट होते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली छापून प्रसिद्ध केला. घरच्या घरी तो असा वापरता येतो. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे, दोन्ही बाजूंचे. मग डीएपीची 50 किलोची चार पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवून पुन्हा मोजावे. मग आणखी चार. एका बाजूला जास्त दब दिसली तर त्या बाजूचा पाटा थकला आहे किंवा तुटला आहे. पुढे जेथे दब एकदम कमी होते, तेथे हेल्पर पाटे लागले असे समजावे.

हे हेल्पर पाटे म्हणजे या सगळ्या प्रश्नाचे मोठे उत्तर आहे. लातूरच्या ज्या कारागिराकडे आम्ही गेलो, त्या चाचांनी ते आम्हांला हाताने दाखवून समजावले. वरचा मेन पाटा सर्वांत लांब, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. त्याखाली उतरत्या लांबीचे पाटे. हेल्परची जोडी वेगळी असते. गाडी रिकामी असताना तिचा संबंध येत नाही. माल भरून गाडी खाली बसली की ती टेकते आणि भार वाटून घेते. म्हणून रिकाम्या गाडीला मऊपणा राहतो आणि भरलेल्या गाडीला ताकद मिळते. मुख्य जुडग्यात पाटे वाढवले तर गाडी भरलेली असो वा रिकामी, सारखीच कडक.

चाचांनी आणखी एक हिशेब सांगितला, तो सर्वांनी लक्षात ठेवावा. पाच पाट्यांत त्याच जाडीचा सहावा घातला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण आठ मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी दहा मिलिमीटरचा घातला तर त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. जाडीचा परिणाम घनाने होतो : आठचा घन 512, दहाचा घन 1000. दोन मिलिमीटरने काय होते, असे म्हणू नये.

पाणंदीत कडक पाट्यांचा आणखी एक तोटा आहे. रस्ता वरखाली असला की एक चाक खड्ड्यात उतरावे लागते आणि दुसरे उंचवट्यावर चढावे लागते. पाटे वाकले तरच चारही चाके जमिनीला टेकून राहतात. कडक पाट्यांची रिकामी गाडी एक चाक उचलते, ते चाक हवेत फिरत राहते आणि गाडी चिखलात अडकून पडते.

चारही चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असलेल्या गाड्याही आज मिळतात. महिंद्रने 1947 साली मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपला चारही बाजूंनी पाटेच होते. त्याच घराण्यातल्या 2020 च्या थारला चारही बाजूंनी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. बसणाऱ्याला त्या सुखाच्या. पण मालाच्या गाडीला मागे पाटेच बरे. ते भार तर उचलतातच, शिवाय एक्सलला जागेवर धरून ठेवतात, आणि एखादा तुटला तर बदलून मिळतो.

शेवटी आम्ही मुख्य जुडगा कंपनीच्या मापाचाच नवा घातला, दोन्ही बाजूंना एकदम. हेल्पर पाटे आहेत तेवढेच ठेवले. बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले आणि काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. जास्तीचा पाटा एकही नाही. वहीतले ते दहा कट्टे आम्ही खोडले. त्याऐवजी सुगीत एक खेप जास्त करतो. थोरला संध्याकाळी घरी येतो तेव्हा स्वतः वाकून बूट काढतो, ही आमच्या वहीतली मोठी जमा आहे.

गाडी घेणाऱ्या बांधवांना एवढेच सांगणे. जुना पाटा भट्टीत तापवून ठोकून कमान देणारे भेटतात. नीट पाणी पाजले नाही तर असा पाटा लवकरच पुन्हा बसतो किंवा तुटतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच करू नये. पाण्याची टाकी अर्धी भरून उताराला नेऊ नये, हलते पाणी गाडीला एका अंगावर ओढते. आणि पाटे वाढवायला जाण्याआधी एकदा वजनकाट्यावर जावे. वर्षातून चार दिवस जो भार लागतो त्यासाठी पाटे निवडू नयेत. रोज जो भार असतो तो धरावा, आणि परतीची रिकामी खेपही त्यात धरावी, कारण तिच्यातही आपलाच माणूस बसलेला असतो.