शेअर बुडाले, कापूस उरला

१/ दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकातून धावणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ अनेकांच्या आठवणीत आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ हा तिचा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, तो ब्रिटिश खासगी भांडवलावर. कापसाच्या व्यापाराने एकदा मुंबईला धुळीस मिळवले असताना त्याच कापसासाठी पुन्हा पैसा कसा उभा राहिला?

२/ १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे भराव कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांवर गेला.

३/ १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि भाव गडगडले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणी फेडायला पैसाच नव्हता. प्रेमचंद रायचंद बुडाले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

४/ मात्र कोसळली होती ती कागदाची किंमत. वऱ्हाडची काळी जमीन आणि तिच्यात पिकणारा कापूस जागच्या जागी होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालव्याने युरोप जवळ आणला.

५/ टाटा घराण्याच्या पेढीलाही १८६५ ची झळ बसली होती. तरीही जमशेदजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, रेल्वे दाराशी, कोळसा वरोऱ्याचा. हा आशावाद भाव चढण्यावर नव्हे, भाव पडला तरी टिकेल अशा व्यवसायावर उभा होता.

६/ दारव्ह्याच्या रुळांमागेही असाच हिशेब होता: आतल्या तालुक्यांतला कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गापर्यंत पोहोचवायचा. भाव कोणताही असो, माल वाहावाच लागणार.

७/ या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. गुंतवणूकदार आपला पैसा दहा ठिकाणी वाटू शकत होता. शेतकऱ्याकडे एकच शेत, एकच पावसाळा, आणि भाव ठरणार लिव्हरपूलच्या बाजारात. रेल्वेने तेजी जशी बांधापर्यंत आणली, तशी मंदीही आणली.

८/ पडझडीनंतर बाजार सावरतो, हे इतिहासात वारंवार दिसते. तो सावरेपर्यंत तग धरण्याची ऐपत मात्र सर्वांकडे सारखी नसते. म्हणून कोणत्याही काळातील आशावाद अभ्यासताना जोखीम कोणाच्या खांद्यावर होती, हेही पाहावे.