श्वास जातो कोठें ?

जी गोष्ट आपण दिवसांतून हजारों वेळां करतों, तिच्याविषयीं विचार करण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. श्वास घेणें ही अशीच एक गोष्ट होय. माझें लक्ष तिच्याकडे वेधलें तें आमच्या आजोबांच्या दम्यामुळें. रात्रीं झटका आला म्हणजे ते उशीला टेकून बसतात आणि घरांतील सारीं माणसें त्यांच्या छातीकडे पाहत राहतात. एकदां त्यांनीं मला विचारलें, "बाळ, एवढ्या कष्टानें आंत घेतलेला हा श्वास शेवटीं जातो तरी कोठें ?" या प्रश्नाचें उत्तर शोधीत असतां मला जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

छाती हा केवळ भाता. भट्टी दुसरीकडेच आहे. लव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १७८२-८३ च्या हिवाळ्यांत एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला, त्याच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें तें मोजलें, आणि कोळसा जळतांना निघणाऱ्या उष्णतेशीं त्याची तुलना केली. श्वसन हें एक मंद ज्वलनच आहे, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. मात्र हें ज्वलन फुप्फुसांत होतें, असें लव्हाझिएला वाटे. खरी भट्टी शरीराच्या पेशीपेशींत आहे, हें पुढें कळलें.

या भट्टींत ज्वाळा नाहीं. भाकरींतील पिष्टापासून झालेली द्राक्षशर्करा प्रथम पेशीरसांत फोडली जाते. पुढील काम तंतुकणिका नांवाच्या अतिसूक्ष्म घटकांत चालतें. तेथें अन्नांतील कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हें चक्र हान्स क्रेब्स यांनीं १९३७ मध्यें उलगडलें. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन पायरीपायरीनें खालीं उतरतात. शेवटच्या पायरीवर प्राणवायु त्यांना पदरांत घेतो, आणि हायड्रोजनशीं मिळून त्याचें पाणी होतें. हें ऐकून आजोबा हंसले व म्हणाले, "म्हणजे वारा पिऊन आपण पाणी करतों म्हणावयाचें !" या ज्ञानानें त्यांचा दमा हटला नाहीं, परंतु त्या दिवशीं आम्ही दोघे पुष्कळ वेळ बोलत बसलों.

या उतरणीवर मिळणारी शक्ति एटीपी नांवाच्या द्रव्यांत सांठविली जाते. तें जणूं पेशीचें चलनी नाणेंच. १९२९ मध्यें हें द्रव्य जर्मनींत लोमान यांनीं, आणि अमेरिकेंत फिस्के व आंध्रांतील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. द्राक्षशर्करेच्या एका रेणूपासून प्राणवायूवांचून अशीं २ नाणीं पदरांत पडतात. प्राणवायूच्या साहाय्यानें सुमारें ३०. श्वासाला एवढी किंमत कां, तें या दोन आंकड्यांवरून ध्यानांत येईल. मेंदूला तर प्राणवायूचा अभाव कांहीं मिनिटेंही सोसत नाहीं.

या सर्व व्यवहारांत मला अधिक कौतुक वाटतें तें रक्तांतील तांबड्या पेशींचें. प्राणवायु वाहून नेणाऱ्या या पेशींत तंतुकणिका नसतातच; म्हणून वाहिलेल्या प्राणवायूवर त्या स्वतःची गुजराण करीत नाहींत. द्राक्षशर्करेपासून मिळणाऱ्या त्या २ नाण्यांवरच त्यांचा निर्वाह चालतो. दारोदार पाणी पोंचविणाऱ्या पाणक्यानें वाटेंत एक घोटही घेऊं नये, तसें हें आहे. सुमारें १२० दिवसांचें त्यांचें आयुष्य अशा वाहण्यांतच संपतें. आपण सहज घेतलेल्या एका श्वासामागें असे कोट्यवधि मूक सेवक राबत असतात, ही गोष्ट आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवावी.