सामडिनिकेची पोढी

वाचकहो, आज तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. मी प्रेमकथा लिहिते. तीही आजच्या काळातली नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीची. दिवसा एका कारखान्याच्या हिशेब विभागात व्हाउचर लावायची, संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचा, आणि रात्री भांडी आवरून झाली की ओट्याशेजारी स्टूल ओढून वही उघडायची. असा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे.

आमच्या चऱ्होलीतील एका वडीलधाऱ्या गुरुजींना हे कळले तेव्हा त्यांनी मला सरळ विचारले, "ताई, चळवळीत केवढी कामं पडली आहेत! जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांच्या फिया. आणि तुम्ही राणीच्या प्रेमाच्या गोष्टी लिहीत बसता? आपल्या माणसाला ही चैन परवडते का?"

त्यावेळी मला उत्तर देता आले नाही. आज प्रयत्न करते.

मला हे वेड लागले ते कॉलेजला असताना. १९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पण त्यानंतरही पुष्कळ दिवस गाव गावच होते. बस वेळेवर येत नसे. त्या थांब्यावर उभ्याउभ्या मी वाचनालयातून आणलेली ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचून काढली. बी.कॉम.ची पुस्तके पिशवीत आणि डोळ्यांत बाजीराव-मस्तानी! पुढे लग्न झाल्यावर मिस्टरांना हट्टाने मोटरसायकलवरून पाबळला घेऊन गेले. शिरूर तालुक्यातील हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. मस्तानीची कबर तिथे आहे. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले आणि मस्तानीही त्याच वर्षी गेली. इतिहासाने तिच्याविषयी लिहून ठेवलेले फार थोडे. बाकीची मस्तानी आपल्याला कादंबरीने दिली. कबरीजवळ उभी राहून मी डोळे पुसले तेव्हा मिस्टर हसून म्हणाले, "रडतेस ते मस्तानीसाठी का इनामदारांसाठी?"

त्यांचा प्रश्न चेष्टेचा होता. पण तो माझ्या मनातून गेला नाही.

मराठीतली पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन'. ती १८५७ ची, आणि तिचा विषय विधवांचे दुःख. त्यानंतर १८७१ मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि मराठी कादंबरी गडावर चढली. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, पुढे रणजित देसाई, इनामदार. मी हे सारे आवडीने वाचले आहे, नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण वाचता वाचता एक गोष्ट टोचू लागली. राजा-राणी चांदण्यात बोलत असतात तेव्हा दिवटी धरून कोण उभे असते? घोड्याचा लगाम कोणाच्या हातात असतो? राणीच्या न्हाणीघरात पाणी कोणी भरलेले असते? ती माणसे प्रेम करीत नव्हती काय? त्यांची रात्र कोणी लिहायची?

अशा मनःस्थितीत असताना आमच्या विहाराची सहल बेडसे लेण्यांना गेली. मावळात पवनेच्या खोऱ्यातील ही लेणी कार्ला-भाजे इतकी गजबजलेली नाहीत. पायऱ्या चढून गेले की दोन कातळांमधल्या अरुंद वाटेने आपण चैत्यगृहासमोर येतो आणि एकदम उंच स्तंभ दिसतात. त्या स्तंभांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत. भिक्खूंच्या लेण्यात जोडपी! मला वाटले, ज्याने ही घडवली त्याला संसारातला आनंद पाप वाटत नसणार.

तिथे जवळच पाण्याचे एक टाके आहे. अशा टाक्याला जुन्या लेखांत 'पोढी' म्हणतात. त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. तो सांगतो की हे महाभोयाच्या मुलीचे, महादेवी महारथिनी सामडिनिकेचे 'देयधम', म्हणजे धर्मदान आहे. आणि ती आपदेवणकाची 'बितियिका' आहे. जाणकार या शब्दाचा अर्थ पत्नी असा करतात. पण शब्दशः पाहिले तर द्वितीया. एक तो आणि दुसरी ही. सोबतीण!

इतकेच. सामडिनिका कशी दिसत होती, आपदेवणकाचे तिच्यावर प्रेम होते की नाही, पाण्याचेच दान तिला का सुचले, काही नाही. तो एक शब्द मी घरी घेऊन आले. पोळ्या लाटताना मिस्टरांना म्हटले, "अहो, मी तुमची बितियिका." ते म्हणाले, "ही कुठली नवी पदवी काढलीस?" त्या रात्री मी पहिले पान लिहिले.

लिहायला लागल्यावर आईला वाचून दाखवू लागले. आई आता आमच्याकडेच असते. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची होती. गावच्या विहिरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. घागर खाली ठेवून तासन्‌तास बाजूला उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. माझे वाचन ऐकून ती एवढेच म्हणाली, "तुझी राणी चांगली हाय. पण त्या टाक्यातलं पाणी कोण काढायचं, ते लिही. आन् टाकं खोदलं कुणी?"

माझी सगळी कादंबरी त्या एका प्रश्नाने फिरली. मग मी टाके खोदणारा एक पाथरवट आणला, आणि त्याला भाकरी घेऊन येणारी एक मुलगी आणली. खरी प्रेमकथा त्या दोघांची झाली. टाक्याच्या काठावरच्या एका दगडावर ती रोज बसते, त्याच्या छिन्नीचा आवाज ऐकते, आणि टाके भरल्यावर पहिली ओंजळ सामडिनिका तिच्या हातात देते, असे मी लिहिले. आईला ते फार आवडले. गोष्टीचा काही भाग विहाराच्या हस्तलिखित अंकात गेला. बायकांनी तो एकमेकींकडून नेऊन वाचला.

इथपर्यंत सारे छान होते. पुढे जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

पुढल्या वर्षी पुन्हा सहल बेडशाला गेली. आमच्या वस्तीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी सर्वांना माहिती सांगत होती. मुलगी हुशार, आवाज खणखणीत. ती टाक्यापाशी आली आणि म्हणाली, "इथे सामडिनिका राणीने एका पाथरवटाच्या बायकोला आपल्या हाताने पाणी पाजलं. तो हा दगड, ती इथेच बसायची." सगळे गप्प झाले. एका म्हातारीने पुढे होऊन त्या दगडाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला.

खोटे कशाला सांगू? पहिल्या क्षणी मी सुखावले. लेखकाला आणखी काय हवे! पण दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. तो दगड मी ठरवलेला होता. ती मुलगी मी रचलेली होती. पहिली ओंजळही माझीच.

मी पुढे झाले आणि म्हटले, "बाळ, एवढं मी रचलं आहे. लेखात फक्त दान देणारीचं नाव आहे, तिच्या बापाचं आणि नवऱ्याचं आहे. बाकी माझ्या मनातलं."

मुलीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "मग ताई, तुम्ही आम्हांला तसं सांगितलं का नाही?"

म्हातारीने दगडावरचा हात काढून घेतला नव्हता. ती म्हणाली, "आसंल बी तसं." मला तिच्या बोलण्याने आणखीच वाईट वाटले.

परतीच्या वाटेवर मी फार अस्वस्थ होते. आपल्या समाजाचे नुकसान कशाने झाले? रचलेल्या गोष्टींनीच ना! आपण अमुक पापामुळे असे जन्मलो, अमक्याच्या पायातून निघालो, या कथाच होत्या. कोणीतरी त्या रचल्या, कोणीतरी खऱ्या म्हणून सांगितल्या आणि आपल्या आज्या-पणज्यांनी त्या कपाळाला लावल्या. तेच काम मी गोड भाषेत केले तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? माझा हेतू चांगला होता, हे पुरेसे आहे का?

'राऊ'वर आधारलेला 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट २०१५ मध्ये आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून बरेच आक्षेप घेतले गेले. पण आमच्या शेजारच्या मुलींना विचारा. त्या दोघी नाचल्याच होत्या, असे त्या आज सहज सांगतील. कल्पनेला रंग चांगला चढला की ती इतिहासापेक्षा जास्त दिवस टिकते.

मग कल्पना करूच नये काय? याचे उत्तर मला बाबासाहेबांकडे मिळाले. अस्पृश्य मूळचे कोण होते, यावरचा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस त्यांनी तो अर्पण केला आहे. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे. ज्यांचा पुरावा कोणी राखलाच नाही त्यांचा इतिहास लिहायचा तर साखळीतल्या तुटलेल्या कड्यांचे काय करायचे? बाबासाहेब म्हणतात की अशा ठिकाणी कल्पना आणि अंतर्ज्ञान यांनी दुवा जोडण्याचा अधिकार संशोधकाला आहे. मात्र ते गृहीतक आहे, हे त्याने मान्य केले पाहिजे. खऱ्यापासून खोटे आणि निश्चितापासून अनिश्चित वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य, याचीही आठवण ते तिथेच देतात.

ते वाचताना मला माझे ऑफिस आठवले. आमच्या हिशेबात एखादी रक्कम येते, तिचा कागद सापडत नाही. ती फेकून देता येत नाही, कारण पैसे आलेले असतात. भलत्याच खात्यावर टाकता येत नाही, कारण ती लबाडी होईल. मग ती सस्पेन्स खात्यावर दाखवायची. उघडपणे, सर्वांना दिसेल अशी. कागद सापडला की योग्य खात्यावर न्यायची. आमच्या माणसांची प्रेमे, त्यांच्या रात्री, त्यांची तहान ही सारी इतिहासाच्या वहीतली अशी रक्कम आहे. ती होती, याविषयी मला शंका नाही. टाके आपोआप खोदले गेले नाही. पण त्यांचा कागद कोणी ठेवला नाही.

म्हणून आता मी एक नियम केला आहे. गोष्टीच्या शेवटी एक पान जोडायचे. वरच्या अर्ध्यात दगडावर काय आहे ते, खालच्या अर्ध्यात माझ्या मनातले काय ते. वाचकाने रडायचे तर खुशाल रडावे; पण कशासाठी रडतो ते त्याला माहीत असावे. मिस्टरांच्या पाबळच्या प्रश्नाचेही हेच उत्तर आहे.

आणि गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. दाखले आणि अर्ज मी भरतेच आहे, पुढेही भरीन. पण आपल्या मुलांनी आपल्या पूर्वजांना फक्त घागर घेऊन उभे असलेलेच पाहायचे काय? त्या रांगेतल्या मुलीला कोणी आवडत असेल, ती हसत असेल, कोणी तिची वाट पाहत असेल, हेही त्यांना दिसले पाहिजे. ज्याला प्रेम करण्याचा भूतकाळ नाही असे वाटते, तो माणूस स्वतःला अर्धाच माणूस समजतो.

ती मुलगी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका रविवारी अभ्यासवर्ग संपल्यावर वही घेऊन आली. कार्ला लेण्यात दान देणाऱ्यांत सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, धेनुकाकट गावाहून आलेले यवन आहेत, हे तिने शोधून काढले होते. डाव्या पानावर लेखातली नावे. उजवे पान कोरे.

"ताई, उजव्या पानावर सुताराच्या बायकोचं लिहू का?" तिने विचारले.

मी म्हटले, "लिही. फक्त मधली रेघ पुसू नकोस."